जुन्या चर्चमधली काच ओघळलेली नाही

युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा खाली जाड असतात, म्हणजे काच हा संथ वाहणारा द्रव आहे, हे मीही शाळेत ऐकलंय आणि पुढे चारचौघांत ऐटीत सांगितलंय. ते चूक आहे.

उत्तर युरोपात मध्ययुगात काच बनायची ती वाळू आणि बीचसारख्या झाडांच्या राखेपासून. म्हणून रासायनिक पृथक्करणात तिच्यात पोटॅश आणि चुना भरपूर सापडतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या काचेत जे घटक आहेत, त्याच मिश्रणाची काच नव्याने बनवून संशोधकांनी तिची श्यानता, म्हणजे घट्टपणा, तपासला. २०१७ साली आलेला निष्कर्ष गमतीदार आहे. आधीच्या अंदाजापेक्षा ही काच खूपच कमी घट्ट निघाली (‘वाहते’वाल्यांनी इथेच टाळ्या वाजवून घ्याव्यात), तरी १०० कोटी वर्षांत ती ओघळेल फार तर १ नॅनोमीटर! केस याच्या हजारो पट जाड असतो.

मग जाडी कुठून आली? घडवण्यातून. तापलेला गोळा गरगर फिरवून चकती करत. ती मध्याकडे जाड, कडेला पातळ. तिचे तुकडे कापून बसवले, की जाड बाजू कधी खाली, कधी वर, कधी आडवी.

रोमन पेले तर याहून कितीतरी जुने. त्यांच्या बुडाशी काचेचं थारोळं साचलेलं नाही.