एक रायफल, तीन कामं: शस्त्र परवान्याचा अर्ज करण्याआधी काय ठरवायचं, कोणती कागदपत्रं जोडायची

परवडेल अशी एकच रायफल घ्यावी, तिच्यावर रेंजमध्ये सराव करावा, सुट्टीत शेतावर डबे-बाटल्यांवर नेम धरावा आणि रात्री घरात कोणी शिरलंच तर तीच हाताशी असावी, अशी अनेकांची इच्छा असते. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ही इच्छा आणखी पक्की होते. तिथे १९६४ पासून विकली जाणारी रुगर १०/२२ ही पॉइंट टू टूची (०.२२ इंच बोअरची; बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) अर्धस्वयंचलित, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाणारी रायफल या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे. आपल्याकडे अर्धस्वयंचलित रायफल सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही. मुख्य म्हणजे आपला कायदा आधी विचारतो, शस्त्र कशासाठी हवं? त्याचं जे उत्तर तुम्ही अर्जात लिहिता, त्यावर कोणतं शस्त्र मिळेल आणि ते कुठे वापरता येईल हे ठरतं. म्हणून या लेखात कागदपत्रांच्या आधी कारणाबद्दल बोलू. कारण नीट न ठरवता केलेले अर्ज वर्षभर फिरत राहतात.

कारण आधी, शस्त्र नंतर

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३ प्रत्येक अर्जदाराने एकदा स्वतः वाचावं. त्यातल्या पोटकलम ३ मध्ये दोन प्रकारच्या अर्जदारांना झुकतं माप दिलेलं आहे. पहिला प्रकार म्हणजे संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक मागणारा नागरिक. आपण जिला बारा बोअर म्हणतो ती. याच ओळीत शेतीच्या संरक्षणासाठी मागितलेली ठासणीची बंदूकही येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वानर आणि रानडुकरांपायी अशा परवान्यांचे अर्ज होत असतात. दुसरा प्रकार म्हणजे केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सदस्य, जो लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल मागतो.

बाकी सगळ्या अर्जांत ‘योग्य कारण’ आहे असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. घराच्या संरक्षणासाठी मोठ्या बोअरची रायफल मागणारा अर्जदार याच गटात येतो, आणि त्याची वाट सगळ्यांत खडतर असते.

माझं मत सरळ आहे. नव्वद टक्के इच्छुकांना खरी ओढ नेमबाजीची असते. संरक्षण हे कारण त्याला चिकटून येतं. तसं असेल तर अर्जात फक्त नेमबाजी लिहा आणि क्लबच्या वाटेने जा. दोन्ही कारणं एकत्र लिहिली की चौकशी करणारा अधिकारी साहजिकच विचारतो की धोका कोणापासून आहे, तक्रार कधी दिली होती, आणि नेमबाजीची बाजू बाजूला पडते.

परवान्याशिवाय सुरुवात: ४.५ मिलिमीटरची एअर रायफल

शस्त्र नियम, २०१६ नुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर कॅलिबरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. विक्रेता तुमच्या ओळखपत्राची आणि पत्त्याची नोंद घेतो. ती द्या आणि पक्कं बिल मागून घ्या. हे बिल जपून ठेवा, कारण प्रवासात पोलिसांनी विचारलं तर तोच तुमचा पुरावा असतो.

५.५ मिलिमीटरची एअर रायफल मात्र परवान्याच्या कक्षेत येते. दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे जुन्या एअरगन विकत घेताना इथे फसगत होते. त्याचप्रमाणे ‘जादा ताकदीची स्प्रिंग टाकून देतो’ असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. २० ज्यूलची मर्यादा ओलांडली की घरातली ती एअरगन विनापरवाना शस्त्र ठरते.

परवडण्याच्या दृष्टीनेही हीच वाट बरी. अंबरनाथच्या प्रिसिहोलसारख्या देशी उत्पादकांमुळे सरावाची रायफल काही हजारांत येते, तर परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते. पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या छर्ऱ्यांचा, खर्च काडतुसांच्या मानाने नगण्य. आणि ही शिकाऊ वस्तू आहे असं समजू नका. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं टिंब अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचं असतं. श्वास, घोड्यावरचं बोट आणि खांद्याला टेकवलेला दस्ता यांची शिस्त तिथेच लागते.

डबे-बाटल्या उडवण्याची हौस याच रायफलने भागवा. स्वतःच्या जागेत, मागे मातीचा उंच बांध किंवा भरलेली पोती ठेवून, आणि माणसं-जनावरं त्या दिशेला नाहीत हे पाहून. काचेच्या बाटल्या टाळा. तुकडे शेतात राहतात आणि अनवाणी पायांत जातात. पक्ष्यांवर छर्रे मारणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालचा गुन्हा आहे, मग एअरगनला परवाना लागो वा न लागो. मुलांच्या हाती ती देताना हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

पॉइंट टू टू: क्लबच्या दारातून

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने) प्रकारात. त्या प्रकारात हीच पॉइंट टू टू वापरतात. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पडून नेमबाजी) विश्वविजेती झाली. त्यामुळे महाराष्ट्रात या रायफलीची ओढ असणं स्वाभाविक आहे.

क्रम असा ठेवा. आधी आपल्या जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त रायफल क्लबचं किंवा संघटनेचं सदस्यत्व घ्या. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रेंज आहे, पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे. क्लब घेताना एकच गोष्ट तपासा: त्याची मान्यता कागदावर आहे का? कलम १३ मधली सवलत फक्त केंद्राचा परवाना किंवा मान्यता असलेल्या क्लबच्या सदस्यालाच मिळते. उन्हाळी शिबिरं घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती असतेच असं नाही.

काही महिने क्लबच्या रायफलीवर सराव करा. स्पर्धांमध्ये भाग घ्या आणि गुणपत्रकं, प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावत जा. मग क्लबचं शिफारसपत्र घेऊन अर्ज करा. रायफल बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावी लागणारी, घ्या. देशी पर्याय इशापूरच्या रायफल फॅक्टरीचा आहे. स्पर्धेसाठी परदेशी रायफल आणायची तर त्याची वाट राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीतून आणि खेळाडूच्या दर्जातून जाते. नवख्याने त्या फंदात पडू नये.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन बंदुका अशी मर्यादा आली. त्याआधी ती तीनची होती. लक्ष्यवेधासाठी पॉइंट टू टू किंवा एअर रायफल वापरणाऱ्या मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्यांना या मर्यादेतून कलम ३ मध्येच सूट आहे. वडिलोपार्जित बारा बोअर घरात असेल तर ही तरतूद लक्षात ठेवा.

एक सक्त सूचना. पॉइंट टू टूची गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडेही जीव घेऊ शकते. ती शेतावर, डोंगरात, नदीकाठी झाडायची नाही. सराव फक्त रेंजवर.

घराचं संरक्षण: रायफल का नको

चाळीत, सोसायटीत, लागून असलेल्या घरांच्या वाडीत रायफलची गोळी विटांच्या पातळ भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाऊ शकते. शिवाय नियमांप्रमाणे शस्त्र रिकामं, कुलपात ठेवायचं असतं. मध्यरात्री कपाट उघडून, काडतूस भरून, समोर कोण आहे ते अंधारात ओळखून मग झाडणं किती जणांना जमेल याचा शांतपणे विचार करा. आधी मजबूत दार, कडी, अंगणातला दिवा, कॅमेरा आणि ११२ क्रमांक.

कायद्याची बाजूही पाहा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तिथे हा हक्क उरत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडली तर खटला तुमच्यावर उभा राहील.

तरीही एकाकी मळ्यावर राहणाऱ्या किंवा खरोखर धमक्या आलेल्या माणसाची गरज खरी असते. त्याने बारा बोअरचा अर्ज करावा. जुनी तक्रार, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घराचं ठाण्यापासूनचं अंतर, व्यवसायात रोकड न्यावी लागते का, हे सगळं कागदांनिशी मांडावं.

कोण अर्ज करू शकतो

वय २१ पूर्ण हवं. त्याखालच्या खेळाडूंनी क्लबच्या शस्त्रावर, देखरेखीखाली सराव करायचा असतो. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून दिलेला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत तेच. मनोरुग्ण किंवा अन्य कारणाने अयोग्य ठरलेल्याला परवाना नाकारला जातो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून मात्र परवाना नाकारता येत नाही, हे शस्त्र अधिनियमाचं कलम १४ स्पष्ट सांगतं. त्यामुळे ‘सातबारा मोठा नाही, मग कसला परवाना’ असं कोणी म्हणालं तर मागे फिरू नका.

अर्ज आणि कागदपत्रं

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरसारख्या शहरांत, आयुक्तांकडे अर्ज करायचा. इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. गोव्यातही आपापल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो आणि केंद्राच्या एनडीएएल-एएलआयएस या पोर्टलवर भरता येतो. भरून झाल्यावर छापील प्रत सहीनिशी शस्त्र परवाना शाखेत द्यायची आणि पोच घ्यायची. पोच न घेता परतू नका.

सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि नमुना एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचं. या प्रमाणपत्रात शारीरिक व मानसिक स्वास्थ्याबरोबर व्यसनाधीनता नसल्याचाही स्पष्ट उल्लेख लागतो. साध्या तंदुरुस्तीच्या दाखल्यावर अर्ज परत येतो. नेमबाजीसाठी क्लबचं सदस्यत्व, शिफारसपत्र आणि स्पर्धांचे कागद लावा. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नमुना एस-१ मध्ये असतं. ते आधीच काढून ठेवलं तर शेवटच्या टप्प्यावर खोळंबा होत नाही. काही जिल्ह्यांत आयकर विवरणपत्र किंवा उत्पन्नाचा दाखलाही मागतात, तेव्हा शाखेत जाऊन त्यांची यादी पाहून घ्या.

मग अर्ज पोलीस ठाण्याकडे जातो. तिथे गुन्ह्यांची नोंद तपासतात, जबाब घेतात, घर पाहतात, शेजाऱ्यांना विचारतात. गावात पोलीस पाटलाचं म्हणणं महत्त्वाचं ठरतं. जबाबात अर्जातल्यापेक्षा वेगळं कारण सांगू नका. शस्त्र कुठे ठेवणार हे विचारलं की भिंतीत घट्ट बसवलेलं लोखंडी कपाट दाखवता आलं पाहिजे. अर्ज फेटाळला तर कारणं लेखी नोंदवणं बंधनकारक आहे, आणि तुम्ही मागितलीत तर ती थोडक्यात तुम्हाला द्यावी लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे आणि पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाच्या गृह विभागाकडे अपील होतं. अपिलाची मुदत आदेशापासून मोजतात, म्हणून आदेश हाती पडताच कामाला लागा.

परवाना हाती आल्यावर

परवाना पाच वर्षांचा असतो आणि त्यावर तुमचा विशिष्ट ओळख क्रमांक, शस्त्राचा प्रकार, बोअर आणि काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. ठरलेल्या मुदतीतच खरेदी करा. शस्त्र घेतल्यावर ते दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्या. वापरलेली रायफल दुसऱ्या परवानाधारकाकडून स्वस्तात मिळू शकते. फक्त विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवल्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. पैसे देण्याआधी नळीत गंज किंवा खड्डे नाहीत ना, हे क्लबच्या जाणकाराला दाखवा. काडतुसांची पावती आणि वापराची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार केल्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना शस्त्राला तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी करा. पत्ता बदलला तर नव्या हद्दीतल्या कार्यालयाला कळवा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या, स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंनी आपली कागदपत्रं जोडून सूट मागावी. आणि जमा करावं लागलंच तर शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी, कारण आचारसंहिता संपल्यावर ते परत घेताना तीच दाखवावी लागते.