दंतरोपणातील रक्तद्रव-उपचार (खानदेश)

दंतरोपणात (इम्प्लांट) टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. त्याच्याभोवती हाड लवकर भरावे म्हणून रुग्णाचेच थोडे रक्त काढून, त्यातला प्लेटलेटनी समृद्ध भाग वेगळा करून त्या जागी ठेवतात. पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) आणि पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) हे त्याचे दोन प्रमुख प्रकार. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, या उपचाराचा विचार तंबाखू, मधुमेह आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांना वगळून करता येत नाही.

टायटॅनियम आणि जिवंत हाड एकमेकांना घट्ट धरतात, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना सशांच्या हाडांवर काम करताना दिसले. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले रोपण केले. जुन्या शिरस्त्याप्रमाणे खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबून मगच दात चढवत. हा काळ कमी करता येईल का, आणि जिथे हाड झिजले आहे तिथे ते वाढवता येईल का, या दोन प्रश्नांमुळे दंतवैद्यांचे लक्ष रक्ताकडे गेले. १९९८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी जबड्याच्या अस्थिकलमात (झिजलेल्या जागी हाड भरण्यात) पीआरपी वापरल्याचे प्रसिद्ध केले. २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी पीआरएफ पुढे आणले.

प्लेटलेटचे काम रक्त थांबवण्यापुरते नसते. त्यांच्या कणिकांत वृद्धिघटक (पेशींची वाढ घडवणारी प्रथिने) साठलेले असतात. जखम झाली की ते बाहेर पडतात, पेशींना बोलावतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. पीआरपीसाठी रक्त गोठू न देणारे सायट्रेट घालतात, रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या वेगाने फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारे यंत्र) बहुधा दोनदा फिरवतात आणि शेवटी कॅल्शियम क्लोराइड (पूर्वी सोबत गाईचे थ्रॉम्बिनही) घालून ते गोठवतात. त्यातले बहुतेक वृद्धिघटक पहिल्या तासाभरातच सुटून जातात. पीआरएफमध्ये बाहेरचे काहीच घालत नाहीत. रक्त आपोआप गोठते, फायब्रिनच्या (गोठताना तयार होणाऱ्या तंतूंच्या) जाळ्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकतात, आणि वृद्धिघटक आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ हळूहळू झिरपत राहतात. रसायने नाहीत, खर्च कमी आणि यंत्र टेबलावर मावणारे. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याला पीआरएफच सोयीचे पडते, यात नवल नाही.

कृती साधी असली तरी घाईची आहे. दंडाला पट्टा बांधून कोपराच्या शिरेतून दहा मिलिलिटरच्या नळ्या भरतात. ‘दातनं काम शे, मंग रगत कसाले?’ (काम दाताचे, मग रक्त कशाला?) हा रुग्णाचा प्रश्न इथेच येतो, आणि तो रास्त आहे. नळीत रक्त गोठू न देणारे औषध नसल्याने मिनिट-दोन मिनिटांत ती सेंट्रिफ्यूजमध्ये गेली पाहिजे. नळ्या समोरासमोर ठेवतात. संख्या विषम असेल तर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी लावतात, नाहीतर यंत्र थडथडते. एका प्रचलित पद्धतीत मिनिटाला २७०० फेऱ्यांवर १२ मिनिटे. मध्येच वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल, तर रक्त थर न पडताच गोठते. मग पुन्हा सुई. सगळे जमले तर तळाशी लाल पेशी, वर पिवळसर द्रव आणि मधे खरवसासारखी लिबलिबीत गुठळी मिळते. चिमट्याने ती उचलून, लाल भाग कापून, जाळीच्या डबीत दाबली की पातळ पडदा तयार होतो. तो स्क्रूभोवती किंवा हिरडीखाली पसरतात, किंवा बारीक चिरून अस्थिकलमाच्या चुऱ्यात मिसळतात.

फायदा किती, याबाबत जाहिरात आणि पुरावा यांत अंतर आहे. हिरडी लवकर भरते, दुखणे-सूज कमी होते, अक्कलदाढ काढल्यावर होणारा ‘ड्राय सॉकेट’ (खड्ड्यातली गुठळी निघून हाड उघडे पडणे) कमी होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. रोपणाची स्थिरता पहिल्या काही आठवड्यांत थोडी अधिक भरल्याचे काही चाचण्यांत दिसते. पुढे हा फरक पुसट होतो. वरच्या जबड्यातील सायनसचा (दातांवरच्या हवेच्या पोकळीचा) तळ उचलून कलम भरताना पीआरएफ घातल्याने नवे हाड ठळकपणे वाढते, असे म्हणता येत नाही. शिवाय प्रत्येकाची नळी, वेग आणि मिनिटे वेगळी, त्यामुळे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहणेही कठीण. पडदा थोड्याच आठवड्यांत विरघळतो, म्हणून मोठ्या खड्ड्यात नुसते पीआरएफ भरून भागत नाही, कलम लागतेच. ‘तुमच्याच रक्ताने हाड उगवते’ असे सांगून जास्तीचे बिल लावणे म्हणूनच अतिशयोक्तीचे आहे.

खानदेशात तंबाखू-चुना गालात धरणारे आणि मिश्री लावणारे बरेच. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखूची सवय सुटलेली नाही. तंबाखू आणि विडीतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. ज्या जागी रक्तपुरवठाच कमी, तिथे पडद्याचा उपयोग मर्यादित राहतो. मधुमेह ताब्यात नसेल तरी हेच होते.

नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात, भिल्ल-पावरा समाजात, सिकलसेल आढळतो. तिथल्या रुग्णाला सुई लावण्याआधी तपासणीचे कार्ड विचारावे. नुसता वाहक असेल तर सहसा अडचण येत नाही. आजार असेल तर त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय रोपणाची शस्त्रक्रिया करू नये. पावसाळ्यानंतर डेंग्यूतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत थांबावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास गुठळी उशिरा आणि सैल येते. ती गोळी रुग्णाने परस्पर बंद करू नये.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस मऊ, कोमट अन्न चालते: खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, बिनतिखटाचे भरीत. बट्टी, ठेचा आणि शेवभाजीचा झणझणीत रस्सा टाके निघेपर्यंत लांब ठेवतात.