जुन्या कॅम्परमधला तो आवाज नेमका कशाचा?

जुनी कॅम्पर व्हॅन घेऊन लांब निघालं की आवाज तर येतातच, पण त्यातला एखादा नवीन असतो आणि तो एकदा कानात बसला की मग गाणी लावा नाहीतर गप्पा मारा, सगळं लक्ष तिकडेच. एक जण म्हणतो मागच्या चाकातून येतोय, दुसरा म्हणतो छे, ओट्याखालून. दोघंही मनापासूनच सांगत असतात, पण अशा गाडीत कान खरोखर फसतात.

आवाज कुठून आला हे मेंदू बऱ्यापैकी दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. अगदी एका बाजूने आला तरी दुसऱ्या कानाला तो जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मधे डोकं आडवं येतं म्हणून थोडा हळूही ऐकू येतो. पण १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची घरघर असेल तर तिची तरंगलांबी जवळजवळ ३.४ मीटर, तिला आपलं डोकं आडवं येतच नाही, दोन्ही कानांना ती सारखीच मोठी ऐकू येते. त्यात चारही बाजूंनी पत्रा, आवाज त्यावर आपटून परत येतो, आणि मागच्या चाकाचं कंपन चेसिसमधून फिरत जाऊन भलतंच कुठलंतरी दार थरथरवतं. म्हणून कुठून येतोय यावर भांडण्यापेक्षा तो कशाबरोबर बदलतोय ते बघायचं.

१९७० च्या दशकातली फोक्सवॅगन टाइप २ घ्या, एअर-कूल्ड इंजिन मागे, ड्राइव्हही मागच्याच चाकांना. टायर १८५ आर १४, म्हणजे घेर साधारण २.०५ मीटर. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १० वेळा फिरतं. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल तर सेकंदाला १० टकटक, आणि ताशी १८ ला आणलं की अडीच, आरामात मोजता येतात. इंजिनाचा हिशोब वेगळा, चार सिलिंडर फोर-स्ट्रोक असल्यामुळे एका फेऱ्यात दोन स्फोट, ३००० आरपीएमला सेकंदाला १००. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला खड्डा पडला असेल तर तो ठोका चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच पडत नाही, ढोबळ हिशोबाने बॉलच्या संख्येच्या ०.४ पट वेळा पडतो, ९ बॉल असतील तर साडेतीन-पावणेचार वेळा. म्हणूनच बेअरिंगची टकटक न ऐकू येता गुणगुण ऐकू येते.

आता मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ताशी ७० ला क्लच दाबा आणि इंजिन आयडलला येऊ द्या (इंजिन बंद मात्र करायचं नाही). आवाज तसाच राहिला तर चाकाकडचं काहीतरी, गेला तर इंजिनाकडचं किंवा लोड आल्यावर बोलणारं. मग त्याच वेगाला गिअर बदलून बघा, पट्टी बदलली तर इंजिनच. गुणगुण चाकाकडची वाटली तर हलकेच उजवीकडे वळवा, भार डाव्या चाकांवर जातो आणि आवाज वाढला तर संशय डावीकडे. वळताना कटकट झाली की सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा वाकता सांधा) गेला असं सगळे म्हणतात, पण ते पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाड्यांचं, इथे सीव्ही जॉइंट मागे आहेत, ते स्टिअरिंगपेक्षा ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना जास्त बोलतात.

मोबाईलचा इथे फार उपयोग होतो. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं फायफॉक्स हे फुकट ॲप आहे, त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती मोठा याचा आलेख दिसतो, आणि १० हर्ट्झसारखं कानाला न कळणारं कंपन फोनचा ॲक्सिलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) पकडतो. फोन सीटच्या पायाशी घट्ट चिकटवा, दोन वेगळ्या वेगांना रेकॉर्ड करा आणि आलेखातलं शिखर वेगाच्या प्रमाणात सरकतंय का बघा. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, शेजारच्याने करायचं.

फक्त ताशी ५५ ते ६० लाच कपाट किरकिरत असेल तर तो रेझोनन्स, त्या वेगाचं कंपन दाराच्या स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळतं. रबर आणि फॉर्मायका घासून येणारी चुईं वेगळी, तिथे पृष्ठभाग चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, फरशीवरून टेबल ओढल्यावर होतं तसं. एकच खिडकी उघडल्यावर कानात धपधप होते ती तर बिघाडच नाही, आतली सगळी हवा एकदम दबते-सुटते, दुसरी खिडकी थोडी उघडली की थांबते. आणि खड्ड्यातच वाजणारं काही असेल तर अर्ध्या कपाटांतलं सामान काढून चक्कर मारा, आवाज राहिला तर उरलेल्यातलं अर्धं काढा. संशयित सोळा असले तरी चार चकरांत सापडतो.

बेअरिंगचा संशय असेल तर मात्र टाळू नका, ते जाम होऊ शकतं. पुढच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, मागची बाजू जॅक करून स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवताना दुसरा हात चाकामागच्या लोखंडी आर्मवर ठेवा, खरखर कानाआधी हाताला लागते. वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं तर गॅरेजच गाठा, कारण मागचा ॲक्सल नट ४६ मिमीचा आणि ३०० न्यूटन-मीटरच्या वर आवळलेला असतो, घरच्या पान्याने ते होत नाही.