रॉक गार्डन आणि वेस्ट टू वंडर एकाच माळेत ओवू नका

दर काही महिन्यांनी 'टाकाऊतून टिकाऊ'ची एखादी यादी फिरत येते आणि त्यात चंदीगडचं रॉक गार्डन हे मूर्तींचं उद्यान आणि दिल्लीचं वेस्ट टू वंडर पार्क शेजारी शेजारी, दोन्हींखाली तीच ओळ, 'कचऱ्यातून कला'. खरंच वैताग आलाय याचा.

वेस्ट टू वंडर तुम्ही बघितलं असेल, निदान रील्समध्ये तरी. सराय काले खाँजवळ, 2019 मध्ये दक्षिण दिल्ली महापालिकेने उघडलं, साधारण 150 टन भंगार, त्यातून ताजमहाल, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा धरून सात आश्चर्यं. वेल्डिंग मस्त, रात्रीच्या लायटिंगमध्ये पोरं खूश होतात. माझं त्याच्याशी काही भांडण नाही.

आकार, तिकीट, जुनं कुठलं नवं कुठलं हे सोडा, ते कुठेही वाचायला मिळेल. फरक एकच आहे, भंगार कुणाचं होतं हा.

रॉक गार्डनवाले नेकचंद सैनी मूळचे शकरगढकडच्या बेरियां कलां गावचे. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेलं, घरदार सोडून ही माणसं इकडे आली. 1951 मध्ये नेकचंद चंदीगडला पीडब्ल्यूडीत रोड इन्स्पेक्टर म्हणून लागले, आणि वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने आखलेलं ते नवंकोरं शहर उभं करायला तिथली जुनी गावं पाडली जात होती. म्हणजे ज्याचं स्वतःचं गाव गेलं तो माणूस दुसऱ्यांची गावं गेली तिथे नोकरी करत होता आणि ड्यूटी संपली की त्याच मलब्यातलं सामान सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत होता. फुटक्या कपबश्या, टाइल्स, संडासाची भांडी, बांगड्यांचे तुकडे. वर्षानुवर्षं गुपचूप, कारण सरकारी जंगलात बांधकामाला परवानगीच नव्हती. उघडकीला आलं तेव्हा पाडायची भाषा झाली, पण शेवटी 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि नेकचंदना त्याच कामासाठी पगार आणि 50 मजूर मिळाले.

जवळ जाऊन बघा. जनावरांच्या आत सायकलची फ्रेम आहे, फोर्कचे पाय, सीटचं डोकं. बायकांच्या मूर्तींच्या अंगावर सिमेंटमध्ये दाबून बसवलेले काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे, लाल, अगदी खेटून. फुटलेल्या बांगड्यांचा अर्थ आपल्याकडच्या कुणाही बाईला समजावून सांगावा लागत नाही, आणि तिथे त्यांचंच नेसणं झालंय. हा अर्थ मी लावतोय, पण मला तो त्या मूर्तींपुढे टाळता येत नाही.

आता एक करून बघा. दिल्लीचा ताजमहाल मनातल्या मनात नव्या लोखंडाचा करा. काय जातं? भंगार वापरल्याचं कौतुक जातं, ताजमहाल तसाच राहतो. रॉक गार्डनमध्ये दुकानातून आणलेल्या नव्या बांगड्या, नव्या टाइल्स लावा, काहीच उरत नाही, कारण तिथे वस्तू कुणाच्या तरी घरातून, संसारातून आल्यात हेच तर शिल्प आहे. म्हणून नेकचंदना कुणी 'वेस्ट मॅनेजमेंटचा आदर्श' म्हटलं की माझं डोकं फिरतं, त्या माणसाने कचरा नाही उचलला, मोडलेली घरं उचलली.

आणि हे टिकलंय तेही लढून. 1990 मध्ये बुलडोझर आले तेव्हा लोक साखळी करून आडवे उभे राहिले. 1996 मध्ये नेकचंद परदेशात असताना मूर्तींची तोडफोड झाली. ते 2015 मध्ये गेले, आणि 2025 मध्ये हायकोर्टाकडच्या रस्त्या-पार्किंगसाठी भिंतीचा एक भाग पाडलाच. पाडापाडीच्या मलब्यातून उभं राहिलेल्या जागेवरच पाडापाडी, याची चीड यायलाच हवी.

जाणार असाल तर शेवटच्या भागातले झोके आणि वेडेवाकडे आरसे यांच्यात वेळ घालवू नका, मूर्तींच्या रांगांपाशी थांबा आणि मुलं बरोबर असतील तर हे कशापासून बनवलंय एवढंच नको, कुणाच्या घरातलं असेल तेही विचारा त्यांना.