'नावात काय आहे?' हे शेक्सपिअरचं मत नव्हे
पत्रिकेत नाव चुकलं, पाटीवर राहून गेलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ दे हो, नावात काय आहे, असं शेक्सपिअरच सांगून गेलाय." तो असं सांगून गेलेला नाही. 1597 साली प्रथम छापल्या गेलेल्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये हे ज्युलिएट म्हणते. चौदा वर्षंही पूर्ण न झालेली पोर रात्री खिडकीत स्वतःशीच बोलते आहे. खाली बागेत रोमिओ ऐकतोय, हे तिला ठाऊक नाही. तो माँटेग्यू, ती कॅप्युलेट, घराण्यांत हाडवैर. गुलाबाला दुसरं काही म्हटलं तरी वास तोच, अशी ती मनाची समजूत घालते. मला त्यात तत्त्वज्ञान नाही, तिची घालमेल ऐकू येते.

आणि पुढे नाटकच तिला खोटं पाडतं. तिसऱ्या अंकात ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबॉल्टला मारून हद्दपार झालेला रोमिओ फ्रायर (धर्मगुरू) लॉरेन्सला विचारतो, माझ्या शरीरात हे नाव नेमकं कुठे दडलंय? तेवढा भाग उद्ध्वस्त करायला तो खंजीर उपसतो. फ्रायर ओरडून त्याचा हात थांबवतो.