बेळगावचे जुने मराठी ग्रंथ ऑनलाइन कुठे आणि का विखुरले: पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत शंभर वर्षांपूर्वी छापलेले मराठी पुस्तक हवे आहे आणि शोधाची सुरुवात बेळगावच्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून केली, तर सहसा हात हलवत परतावे लागते. त्या विद्यापीठाचा यात दोष नाही. ते २०१० मधले. १९४९ पर्यंत इथली कॉलेजे मुंबईला जोडलेली होती, पुढे धारवाडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला गेला. चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला. १९६२ मध्ये कोल्हापुरात विद्यापीठ झाल्यावर मराठीत पीएच.डी. करू पाहणारे सीमाभागातले बरेच जण तिकडे वळले. तालुक्यांबरोबर कागदही वाटला गेला, आणि कागद जिथे होता तिथेच त्याचे स्कॅनिंग झाले. त्यामुळे बेळगावचे मराठी आज मुंबई, पुणे, कोल्हापूर, धारवाड आणि लंडन इतक्या ठिकाणी शोधावे लागते.

लंडनचे कारण १८६७ चा छापखाने व पुस्तक नोंदणीचा कायदा. छापलेले पुस्तक सरकारजमा करायचे आणि त्याची नोंद दर तिमाहीच्या यादीत यायची. या याद्यांचे रकाने आजच्या बहुतेक ऑनलाइन कॅटलॉगना लाजवतील: नाव, भाषा, लेखक, विषय, छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण, छापखानदार, पुस्तक बाहेर पडल्याची तारीख, पाने, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या, शिळाप्रेस की खिळे, किंमत, हक्क कोणाकडे. यातल्या निवडक प्रती लंडनला गेल्या. पुस्तकाचे नाव नीट ठाऊक नसेल, तर मुंबई इलाख्याच्या तिमाही याद्यांचे स्कॅन आधी उघडावेत. याद्या इंग्रजीत आहेत, म्हणून गावांचे जुने इंग्रजी स्पेलिंग टाकावे.

खरी उलथापालथ २००० नंतरची. सरकारी मदतीवर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प उभा राहिला आणि देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅनरखाली आली. स्कॅन ६०० डीपीआयचे, पण निव्वळ काळ्या-पांढऱ्यातले. करड्या छटा नाहीत. फाइल आटोपशीर होते, मात्र कागदावरचा डाग अनुस्वार बनतो आणि झिजलेल्या खिळ्याचा खरा अनुस्वार उडून जातो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मराठीत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरें’ असे टिंबांचे पीक असते. त्यामुळे अशा स्कॅनवर मशीन वाचन, म्हणजे ओसीआर, चालवले की ओळीच्या ओळी बिघडतात.

त्याहून जास्त नुकसान नोंदींनी केले. मराठी नावे रोमन लिपीत उतरवली, तीही मनाला येईल तशी: दीर्घ आ साठी कुठे एक ए, कुठे दोन, दीर्घ ई साठी दोन आय. पूर्ण नाव टाइप केले की शून्य निकाल येतात. नावातल्या सर्वांत वेगळ्या शब्दाची पहिली चार-पाच रोमन अक्षरे टाकून पुढे तारांकन द्यावे आणि भाषेच्या चाळणीत मराठी निवडावी. सालातही गोंधळ आहे. शीर्षकपानावर ‘शके १८३०’ असेल तर नोंदीत प्रकाशनवर्ष १८३० पडलेले सापडते. शकात ७८ मिळवले की १९०८ येते (पौष ते फाल्गुनात छापलेले असेल तर बहुधा ७९). तेव्हा १९०८ चे पुस्तक शोधताना वर्षाची चाळणी लावूच नये. आणखी एक खोड: जुन्या वाचनालयांत चार-पाच पातळ पुस्तिका एकत्र बांधायची पद्धत होती. स्कॅन करणाऱ्याने नोंद पहिलीचीच केली आणि बाकीच्या तिच्या पोटात गडप झाल्या. पृष्ठसंख्या नावाला न शोभण्याइतकी मोठी दिसली की फाइल शेवटपर्यंत उलटून पाहावी.

२०१७ च्या सुमारास हा प्रकल्प कॉपीराइटच्या कारणाने बंद झाला. पाच लाखांच्या वर पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर गेल्या होत्या, म्हणून निभावले; वर सांगितलेला शोध आता तिथेच घ्यावा. प्रकल्प बंद करण्याचा निर्णय अजूनही वादाचा आहे, आणि वाद समजून घेतला तर विद्यापीठांच्या संग्रहात एखादे पुस्तक यादीत दिसते पण उघडत का नाही, हेही उलगडते.

भारतीय कायद्यात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून होते. १९६५ मध्ये वारलेल्या लेखकाचा हक्क ३१ डिसेंबर २०२५ ला संपतो. मुदत आधी ५० वर्षे होती. १९४१ मध्ये गेलेल्या एका बंगाली नोबेलविजेत्या कवीचे साहित्य १९९१ अखेर खुले होणार होते, त्या सुमारास ती वाढवली गेली. निनावी किंवा टोपणनावाच्या पुस्तकाची साठ वर्षे प्रकाशनापासून धरतात. सहलेखक असतील तर शेवटी वारलेल्याचे साल धरायचे, आणि अनुवादात अनुवादकाचा हक्क वेगळा.

थोडक्यात, पुस्तक खुले करायचे तर लेखकाचे मृत्युसाल लागते. स्कॅनिंगच्या घाईत हा रकाना भरलाच गेला नाही. मग हक्क संपलेली आणि न संपलेली पुस्तके एकाच ढिगात राहिली, आणि तक्रारी आल्यावर ढीग निवडण्याऐवजी दारच लावले. प्रकाशकांची हरकत रास्त होती, यात शंका नाही. पण १८९० चे कीर्तनाचे पुस्तक आणि १९७५ ची कादंबरी एकाच कुलपात ठेवणे हा आळसच. याचा फटका सीमाभागाला जास्त बसला. पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या लेखकाचे मृत्युसाल कोणत्याही कोशात मिळते. निपाणीच्या छापखान्यातून एकच पुस्तक काढलेल्या शाळामास्तराचे कुठे मिळणार? साल नाही म्हणून हक्क शिल्लक असावा असे धरतात आणि विद्यापीठ ती फाइल फक्त आपल्या आवारातल्या नेटवर्कवर उघडू देते. अशा वेळी शाळेची दप्तरे, स्मरणिका किंवा वर्तमानपत्रातली निधनवार्ता यातून साल काढून ग्रंथपालांना पुराव्यासह कळवणे हाच मार्ग उरतो. नुसती ‘पुस्तक खुले करा’ अशी विनंती केल्यास ती पडून राहते.

प्रबंधांची गोष्ट त्या मानाने सरळ. २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक झाली आणि ‘शोधगंगा’ हा देशभरच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह भरू लागला. बेळगावच्या विषयावरचा प्रबंध धारवाड, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही विद्यापीठांखाली पाहावा, शक्यतो मराठी आणि इतिहास दोन्ही विभागांत. प्रकरणे सुट्या पीडीएफमध्ये असतात. ८० क्रमांकाची फाइल आधी उघडली तर शीर्षक आणि निष्कर्ष एकत्र मिळतात. संदर्भ देताना ब्राउझरमधला लांबलचक पत्ता न देता १०६०३ ने सुरू होणारा हँडल क्रमांक द्यावा, तो टिकतो.

अडचण फॉन्टची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला प्रबंध पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण ओळ कॉपी केली की रोमन अक्षरांची भेळ निघते. म्हणजे आतला मजकूर शोधात येणारच नाही. उपाय: पीडीएफची पाने ३०० डीपीआयच्या चित्रांत बदलून त्यावर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठीच्या डेटासह चालवावे. छापील मजकूर स्वच्छ असल्याने निकाल बरा येतो. युनिकोड मजकुरातही फसगत होते: ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला स्वतंत्रपणे आले, त्याआधी अ वर चंद्र देत. ‘ॲक्ट’ आणि ‘अॅक्ट’ डोळ्याला एकच, शोधयंत्राला दोन. ‘दुसऱ्या’मधला ऱ्यही दोन पद्धतींनी टंकला जातो. शोध दोन्ही रूपांनी करावा, त्यातच ‘बेळगांव’ हे अनुस्वाराचे रूपही घ्यावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलून ‘बेळगावी’ झाले आहे. ग्रंथपालनाच्या नियमाने प्रकाशनस्थळ शीर्षकपानावर छापले तसे उतरवायचे असते, तर विषय म्हणून चालू नाव येते. १९०८ च्या पुस्तकाला २०१४ चे नाव चिकटवणे चूकच. तरी तशा नोंदी भेटतात, म्हणून दोन्ही नावे टाकावीत.

बिदर-भालकीकडचा शोध निराळा. तो मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, दप्तर उर्दूत, साल ‘फसली’ म्हणजे महसुली कालगणनेचे; त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण जुळते. मोडी कागदांना युनिकोडमध्ये २०१४ ला जागा मिळाली, तरी संग्रहात ते बहुतांशी नुसती छायाचित्रे म्हणून आहेत. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ एवढेच असते आणि लिपीचा उल्लेख टिपेत दडलेला असतो. रोमनमध्ये मोडी टाकून शोधले तर पंतप्रधानांवरचे लेख आधी येतात. सोबत ‘स्क्रिप्ट’ किंवा ‘मॅन्युस्क्रिप्ट’ हा शब्द जोडावा.