सिनेमा ‘लांबलाय’: दोष पटकथेचा की एडिटिंगचा?

"चांगला आहे, पण एडिटिंग ढिलं आहे. वीस मिनिटं सहज उडवता आली असती." शुक्रवारी लागलेल्या सिनेमाबद्दल शनिवारपर्यंत हे ऐकू आलं नाही असा आठवडा विरळाच. वाक्य एका दमात म्हटलं जातं, पण त्यात तक्रारी दोन आहेत. वीस मिनिटं उडवावीशी वाटली, म्हणजे काही सीन मुळात गरजेचे नव्हते. हा बहुतेक वेळा पटकथेचा दोष. एडिटिंग ढिलं, म्हणजे गरजेचे सीनही हव्या त्या क्षणी सुरू झाले नाहीत किंवा संपले नाहीत. हा संकलनाचा. खुर्चीत बसलेल्याला दोन्हींचा त्रास सारखाच होतो, हात मोबाइलकडे जातो. आणि कापाकापी करणारा माणूस एकच म्हणून बिल त्याच्या नावावर फाडलं जातं.

पटकथेत ठरतं ते असं: कुठले प्रसंग, कुठल्या क्रमाने, कुणाला काय हवंय, कोण आडवं येतंय, सीन संपला तेव्हा परिस्थितीत काय फरक पडला, मध्यंतर कुठल्या वळणावर. दोन-सव्वादोन तासांच्या नेहमीच्या कथापटात साधारण साठ ते नव्वद सीन असतात. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब हॉलिवुडच्या ठरावीक टंकातल्या आणि ठरावीक समासाच्या पानाचा. डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद अशा दोन रकान्यांत देवनागरीत लिहिलेल्या संहितेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. त्यामुळे कागदावर दोन तासांचा वाटलेला सिनेमा शूटिंगनंतर तीन तासांचा भरतो, आणि तो आवरायचं काम आपोआप एडिटरकडे जातं.

एडिटरचं काम त्यापुढचं. रोजचे रशेस, म्हणजे त्या दिवशी चित्रित झालेले कच्चे शॉट येतात, शॉटच्या सुरुवातीला वाजवलेली क्लॅपची पाटी बघून चित्र आणि आवाज जुळवले जातात, संहितेच्या क्रमाने सगळे सीन लावून असेंब्ली होते. मग रफ कट म्हणजे ढोबळ कापणी, फाइन कट म्हणजे बारीक कापणी आणि शेवटी पिक्चर लॉक. लॉक झाल्यावर लांबी बदलायची नाही, कारण पार्श्वसंगीत, ध्वनी, व्हीएफएक्स आणि रंगसंगतीचं काम त्या लांबीवर सुरू होतं. या प्रवासात निवडायचं काय? एकाच शॉटच्या पाच टेकमधला कुठला, शॉट कुठल्या फ्रेमला सुरू, कुठल्या फ्रेमला बंद, बोलणाऱ्याचा चेहरा दाखवायचा की ऐकणाऱ्याचा, पुढच्या सीनचा आवाज आधीच आत घ्यायचा का. सेकंदाला २४ फ्रेम असतात. उत्तर देण्याआधीचा थांबा आठ फ्रेमने कमी केला तर तोच माणूस ठाम वाटतो, वीस फ्रेमने वाढवला तर काहीतरी लपवतोय असं वाटतं. एवढ्या बारीक मापावर हे काम चालतं, त्यामुळे ‘वीस मिनिटं’ हे त्याचं मापच नव्हे.

एक सीन हातात घेऊन बघू. भाऊ बहिणीकडे जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही मागायला येतो आणि ती नकार देते. संहितेत असं लिहिलंय: तो रिक्षातून उतरतो, जिना चढतो, बेल वाजवतो, "अगं बाई, तू कसा काय आलास?", पाणी, "दाजी कुठायत?", चहा, मग पिशवीतून कागद, मग बोलणं, मग नकार, मग तो चप्पल घालून निघतो. चित्रित झाल्यावर हे चार मिनिटं होतं. एडिटर रिक्षा, जिना, बेल सगळं बाजूला ठेवून टीपॉयवर आधीच ठेवलेल्या कागदापासून सुरुवात करू शकतो. शेजारी चहा, त्यावर साय धरलेली. एवढ्यावरून कळतं की हा बराच वेळ बसलाय आणि ती अजून काही बोललेली नाही. "नाही करणार मी सही" या वाक्यावर भावाचा चेहरा, आणि चप्पल घालण्याच्या आत पुढच्या सीनमधल्या एसटीचा आवाज. चार मिनिटांची दीड झाली. हे त्याने केलं नसेल आणि जिन्याच्या सगळ्या पायऱ्या आपल्याला चढाव्या लागल्या असतील, तर एडिटिंग ढिलं म्हणायला हरकत नाही.

आता याच सीनमधलं दुसरं दुखणं. बहिणीचा नकार आभाळातून पडल्यासारखा वाटतो, कारण तिला जमिनीबद्दल काय वाटतं हे आधी कुठेच पेरलेलं नाही. किंवा हा नकार आपण तिच्या तोंडून याआधी फोनवर ऐकलेलाच आहे, त्यामुळे भाऊ दारात उभा राहिला तेव्हाच शेवट माहीत आहे. पहिल्या बाबतीत सीन कितीही सुबक कापला तरी पटणार नाही, दुसऱ्यात तो कितीही छोटा केला तरी लांबच वाटणार. दोन्हींचं औषध लिहिण्याच्या टेबलावर होतं. फार तर एडिटर आधीचा फोन काढून टाकेल, पण त्या फोनवर आणखी तीन गोष्टी कळत असतील तर तेही जमत नाही. एक वीट काढली की भिंत हलते अशा ठिकाणी एडिटरचे हात बांधलेले असतात.

तिसरी शक्यता लोक विसरतात: गरजेचा शॉटच घेतलेला नाही. नकारानंतर आपल्याला भावाचा चेहरा बघायचा होता, पण शूटिंगला लोकेशनचा एकच दिवस होता, मास्टर शॉट (सगळा सीन लांबून टिपणारा) आणि बहिणीचा क्लोजअप झाला, भावाचा राहिला. मग एडिटर नाइलाजाने लांबच्या मास्टरवर जातो आणि ऐन मोक्याला सीन थंड पडतो. हा दोष कागदाचा नाही, कापणाऱ्याचाही नाही. तो दिग्दर्शकाचा, किंवा शूटिंगचे दिवस छाटणाऱ्या बजेटचा.

मग खुर्चीत बसून ओळखायचं कसं? सगळ्यात भरवशाची युक्ती म्हणजे कंटाळा नेमका कधी आला ते आठवणं. नवा सीन सुरू होताच "अरे, हे आता कशाला?" असं झालं असेल तर पटकथा. सीन हवा होता, पण आत शिरल्यावर "कळलं, चला पुढे" असं झालं असेल तर संकलन. याच्याच जोडीला घरी येऊन आठवतील तेवढे सीन एकेका ओळीत लिहा आणि दोन ओळींमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं का बघा. बहीण सही देत नाही, म्हणून भाऊ तलाठ्याकडे जातो, पण तिथे वेगळंच कळतं: ही गोष्ट चालतेय. सलग चार-पाच ठिकाणी नुसतं ‘मग’ येत असेल, तर तिथला कुठलाही सीन काढा, काही अडणार नाही. सेकंड हाफ पडला असं आपण म्हणतो तेव्हा दहातल्या आठ वेळा तिथे ‘मग’ची रांग लागलेली असते. मध्यंतराचा धक्का देण्यासाठी सगळा दारूगोळा पहिल्या भागात संपवलेला असतो.

पटकथेतलं भोक एडिटिंगमध्ये बुजवलेलं असेल तर त्याच्या खुणा दिसतात, आणि त्या शोधायला मजा येते. पात्र पाठमोरं आहे, किंवा गाडी लांबून जाताना दिसतेय, आणि आवाज येतो: "बरं झालं तू पुण्याहून कालच आलास, उद्या कोर्टाची तारीख आहे." ओठ दिसत नाहीत तिथे डबिंगमध्ये नवं वाक्य घालता येतं, आणि इतकी माहिती एका दमात सांगणारं वाक्य बहुतेकदा लॉकच्या तोंडावर घातलेलं असतं. अचानक सुरू झालेलं निवेदन, मधले तीन महिने एका गाण्यात गुंडाळणारा मोंटाज, दोन सीनमध्ये शहराचा ड्रोन शॉट, हेही त्याच कुळातले. असं काही दिसलं तर एडिटरला शिव्या घालण्याआधी थांबा. त्याने बहुधा बुडतं जहाज किनाऱ्याला लावलंय.

खऱ्या संकलनदोषाच्या खुणा वेगळ्या. विनोदाचं वाक्य संपल्यावर हशाला जागा न ठेवता कट, त्यामुळे पुढचं वाक्य थिएटरच्या हशात बुडतं. उलट, वाक्य संपून प्रतिक्रियाही झाली तरी शॉट तसाच, नट आता काय करू अशा नजरेने उभा. प्रत्येक वाक्याला बोलणाऱ्याच्या तोंडावर कट, म्हणजे टेनिसची मॅच. मारामारीत एक सेकंदाचेही नाहीत असे शॉट, आणि डावीकडे पळणारा पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे पळतोय, त्यामुळे कोण कुणाला मारतंय ते कळतच नाही. यात गंमत अशी की असला सिनेमा ‘फास्ट’ म्हणून गौरवला जातो. कटांची संख्या आणि गोष्टीचा वेग यांचा थेट संबंध नाही. दर दोन सेकंदांनी कट असलेला सिनेमाही जागचा हलत नाही, असं सध्या वरचेवर दिसतं.

लांबीचंही तसंच. ‘शोले’ तीन तासांहून बराच मोठा, आणि त्या वर्षी फिल्मफेअरचा जो एकमेव पुरस्कार त्याला मिळाला तो संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. चित्रित झालेली फिल्म तीन लाख फुटांच्या घरात होती असं सांगितलं जातं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे हा ऐवज पंचावन्न तासांच्या वर जातो. त्यातून निवडायचं म्हणजे काय, याचा अंदाज यावा.

‘सैराट’ (२०१६) १७४ मिनिटांचा. "सेकंड हाफ संथ आहे, एडिट करायला हवा होता" हे त्याच्याबद्दल तेव्हाही ऐकू यायचं. पण गाणी, स्लो मोशन, पोरांचा धिंगाणा हे सगळं पूर्वार्धात ठेवून हैदराबादेत गेल्यावर एकाएकी डोशाची गाडी, भाड्याची खोली आणि रोजची भांडणं यांवर येणं, हा लिहितानाच घेतलेला निर्णय आहे. तो पटला नाही तर पटकथेशी वाद घाला. उत्तरार्धातून पंधरा मिनिटं कापली असती तरी तो पूर्वार्धासारखा झाला नसता, आणि शेवटाला जो घाव बसतो तो मात्र उथळ झाला असता.

दुसऱ्या टोकाला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). कॅमेरा लांब आणि स्थिर, शॉट संपायला हवा असं वाटल्यावरही चालूच. सुट्टीआधी कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटतं, आणि तो संपत नाही, न्यायाधीशांच्या सुट्टीपर्यंत जातो. याला ढिलं एडिटिंग म्हणणं साफ चूक आहे. असे सीन कापण्यासाठी जवळचे शॉट लागतात, आणि इथे लांबून एका शॉटमध्ये बघायचं हे शूटिंगच्या आधीच ठरलेलं असतं. तुम्हाला कंटाळा आला असेल तर ती तक्रार दिग्दर्शकाच्या पद्धतीबद्दल आहे, आणि ती करायचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही.

अर्थात ही हद्द नेहमी इतकी स्वच्छ नसते. चांगला एडिटर सीनची अदलाबदल करतो, दोन सीनचे एक करतो, नायकाची ओळख दहा मिनिटं पुढे ढकलतो. म्हणजे पटकथाच पुन्हा लिहितो. उलट कधी निर्माता किंवा वितरक दिवसाला एक शो जास्त बसावा म्हणून लांबी कमी करायला लावतो. मग एखादं उपकथानक मधूनच गायब होतं, मावशीच्या लग्नाची तयारी दिसते आणि लग्न दिसत नाही. अशा वेळी सीन लिहिलाही होता, शूटही झाला होता, फक्त आपल्यापर्यंत पोचला नाही.

मत देण्याआधी एवढं बघा की तुम्ही पूर्ण सिनेमा पाहिलाय का. टीव्हीवर जाहिरातींसाठी वाहिनी स्वतःची कात्री चालवते, शिवाय २४ फ्रेमचा सिनेमा अनेकदा २५ने पळवला जातो, त्यात दीडशे मिनिटांची १४४ होतात. प्रदर्शनानंतर आठवड्याभरात सेन्सॉरला कळवून लांबी कमी केलेलेही सिनेमे असतात, त्यामुळे पहिल्या दिवशीचा आणि दुसऱ्या शनिवारचा प्रेक्षक कधी कधी एकच सिनेमा बघत नसतात. आणि मोबाइलवर दीडपट वेगाने पाहिला असेल तर सगळे थांबे आधीच मेलेले असतात. तेव्हा संकलनाबद्दल न बोललेलं बरं. पटकथेबद्दल मात्र खुशाल बोला. सीन गरजेचा होता की नाही, हे दीडपट वेगातही कळतं.